‘तुमचंच पाणी हाय!’

काय मंडळी, या वीकएंडचा काय प्लॅन? लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये बसायचं, की पवनेच्या काठी टेंट ठोकून शेजारच्या टेंटमधली गाणी ऐकायची? दोन्ही करून कंटाळला असाल तर या वेळी गाडी उलट्या दिशेला वळवा. हडपसर ओलांडा आणि सोलापूर रोडने सरळ शंभरेक किलोमीटर जा. वाटेत घाट नाही, धबधबा नाही, स्ट्रॉबेरी विथ क्रीम तर नाहीच नाही. आहे ते फक्त पाणी. नजर संपते, पण पाणी संपत नाही, असं पाणी.

उजनीचं बॅकवॉटर!

मार्चच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं गेलो होतो. एक टीम लीड, एक सीए, एक बँकवाली आणि मी. पहाटे साडेचारला निघायचं ठरलं होतं, म्हणजे सव्वापाचला निघालो. भिगवणच्या अलीकडे कटिंग चहा, मग हायवे सोडून उसाच्या शेतांमधून कुंभारगाव. काठावर पोचलो तेव्हा पाण्यावर अजून पातळ धुकं होतं आणि ओळीने बांधलेल्या होड्या डुलत होत्या. सीन एकदम वॉलपेपर. टीम लीडने मोबाइल काढलाच होता, तेवढ्यात सीएबाईंनी नाक दाबलं.

‘‘शी! कसला वास येतोय हा?’’

आमचे नावाडीमामा इंजिनाची दोरी ओढत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, ‘‘पुण्याचं का?’’

‘‘हो.’’

‘‘मग तुमचंच पाणी हाय की!’’

आम्ही हसलो. मामाही हसले. इंजिन सुरू झालं आणि होडी निघाली. मला वाटलं, मामांनी मस्त पीजे मारला. तो पीजे नव्हता, हे कळायला पुढचे पाच तास लागले.

धरण ‘मायनस’मध्ये!

आधी थोडं जनरल नॉलेज. (बोअर होणार नाही, प्रॉमिस.)

भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत आहे तिकडे माढा तालुक्यात, टेंभुर्णीजवळ. पण पाणी मागे पसरत पार इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंडपर्यंत येतं. या जलाशयाचं ऑफिशियल नाव यशवंतसागर. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी. हा आकडा किती मोठा? पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचा मिळून साठा २९ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे आपली चारही धरणं चार वेळा भरून उजनीत ओतली तरी थोडी जागा उरेल!

त्यातली गंमत अशी, की यातला निम्म्याहून जास्त म्हणजे ६३ टीएमसीपेक्षा थोडा अधिक साठा ‘मृत’ धरला जातो. कालव्याच्या दारांच्या खाली राहणारं पाणी. वरचं ५३ टीएमसी संपलं की साठा शून्य टक्के. आणि तरीही खाली एवढं पाणी असतंच, ते नदीत सोडता येतं, पंपाने उपसता येतं. मग आकडा उणे होतो. त्यामुळे इथली माणसं ‘धरण मायनसमध्ये गेलं’ असं अगदी सहज बोलतात, आपण बँक बॅलन्सबद्दल बोलतो तसं. २०२४च्या उन्हाळ्यात साठा उणे ५९ टक्क्यांच्या आसपास गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलंसुद्धा!

‘‘एवढा पाऊस पडतो इकडे?’’ बँकवालीने विचारलं.

‘‘हिकडं कुठला पाऊस ताई?’’ मामा म्हणाले. ‘‘आमचं आभाळ तुमच्याकडं. तिकडं मुळशी, पवना, खडकवासला भरून सोडलं, की आमचं भरतंय.’’

इंदापूर-करमाळा हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे समुद्रासारखं पाणी दिसतं ते शंभर किलोमीटर दूरच्या घाटात पडलेलं असतं. मामांच्या ‘तुमचंच पाणी’चा हा पहिला अर्थ. ऐकून बरं वाटलं. उगाच आपण काहीतरी दिल्यासारखं.

होडी आता बरीच आत आली होती. मामांनी इंजिन बंद केलं आणि हाताने लांबवर दाखवलं. ‘‘तिकडं जुनं पळसदेव. देऊळ पाण्याखाली हाय. पाणी पार खाली गेलं की वर येतंय.’’ पळसनाथाचं ते जुनं दगडी देऊळ धरणाने पोटात घेतलं, तसंच आजूबाजूची कित्येक गावंही. दुष्काळी उन्हाळ्यात कळस दिसायला लागला, की आपल्यासारखे लोक कॅमेरे घेऊन धावतात. ज्यांची घरं त्या देवळाच्या आसपास होती, तेही येतात. पण कॅमेरा न घेता.

‘‘तुमचं गाव पण पाण्यात गेलं?’’ मी विचारलं.

‘‘वडलांचं गेलं. मी तवा बारका हुतो.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘शेत गेलं, म्हणून होडी आली.’’

फोटोपुरतं जॅकेट

आता एक कन्फेशन. होडीत चढताना मामांनी चार केशरी लाइफ जॅकेट्स दिली होती. आम्ही ती घातली, सेल्फी काढला आणि पाचव्या मिनिटाला काढून बुडाखाली घेतली. उकडत होतं. शिवाय नवा कुर्ता फोटोत दिसत नव्हता. (हो, मीच ती.) टीम लीडने तर अभ्यासपूर्ण मुद्दा मांडला, ‘‘इथे पाणी कमरेएवढं आहे रे. फ्लेमिंगो उभे राहतात, म्हणजे किती खोल असणार?’’

मामांनी होडी थांबवली. आवाज न चढवता एवढंच म्हणाले, ‘‘घाला. मग निघू.’’

घातली.

२१ मे २०२४च्या संध्याकाळी याच जलाशयात, कुगाव ते कळाशी या मार्गावर, एक होडी उलटली. कुगाव करमाळा तालुक्यात, सोलापूर जिल्हा. कळाशी समोरच्या काठाला, इंदापूर तालुका, पुणे जिल्हा. होडीत सात जण होते. अचानक वादळी वारं सुटलं, लाटा आत आल्या. एक जण पोहून काठाला लागला. बाकी सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. ते कुणी पिकनिकला निघाले नव्हते. समोरच्या काठावर जायला रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून माणसं होडीने जातात. आपण रिक्षा पकडतो तशी. शिरसोडी-कुगाव पुलाचं काम आता हाती घेतलंय, पण तोवर होडी हाच पूल.

आपल्याला बोटिंग म्हणजे रविवारचा टाइमपास वाटतो. इथे ते मंगळवारचं दवाखान्यात जाणंही असतं आणि लग्नाला जाणंही. हे डोक्यात शिरल्यावर जॅकेटमध्ये उकडायचं बंद झालं. खरंच.

आणि टीम लीडच्या मुद्द्याचं उत्तर? काठाजवळ उथळ आहे, मान्य. पण तळाशी गाळ आहे, जुन्या विहिरी आहेत, बांध आहेत. भीमेचं मूळ पात्र खोल आहे. वरून सगळं सारखंच चमकतं. कुठे कमरेएवढं आणि कुठे बुडण्याएवढं, ते फक्त मामांना ठाऊक.

गुलाबी मंडळी

साडेआठच्या सुमारास ‘ते’ दिसले. आधी नुसती फिकट रेघ, मग रेघेला पाय फुटले. दोनेकशे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, माना पाण्यात घालून तल्लीन! त्यांची चोच उलटी बुडते. चिखल-पाणी आत घ्यायचं, गाळायचं, शेवाळ आणि बारीक किडे-जीव ठेवायचे, बाकी बाहेर. गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्लं असतात करडी, रंग मागाहून चढतो. म्हणजे नुसत्या डाएटवर मेकओव्हर. ब्यूटी पार्लरवाल्यांनी नोंद घ्यावी!

पाणी ओसरायला लागलं की काठाची जमीन उघडी पडते. तिला इथे गाळपेर म्हणतात. शेतकरी त्यात पिकं घेतात आणि पुढच्या ओल्या चिखलात पक्षी पंगत मांडतात. शेकाट्या लाल काटकुळ्या पायांवर तुरुतुरु फिरत होते. चक्रवाकांची एक जोडी अगदी नवरा-बायको शॉपिंगला निघाल्यासारखी. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस दिसले. हे हिमालय ओलांडून येतात. आम्हाला पहाटे साडेचारला उठवत नव्हतं.

बँकवाली म्हणाली, ‘‘मामा, अजून जवळ घ्या ना, उडाले तर व्हिडिओ भारी येईल.’’

‘‘उडवायचं न्हाई,’’ मामा म्हणाले. ‘‘खाऊ द्या. लांबचा परवास असतोय त्यांना.’’

इथल्या मासेमारांपैकी कितीतरी जण आता हिवाळ्यात पक्षी दाखवतात. जाळं टाकणाऱ्याला पाणी वाचता येतं आणि पाणी वाचणाऱ्याला पक्षी कुठे बसतील तेही कळतं. कुठल्याही कोर्सशिवाय मामांनी आम्हाला मराठी, इंग्रजी दोन्ही नावं सांगितली. ‘ऑस्प्रे’चा उच्चार आमच्या सीएपेक्षा चांगला केला.

कणकेचा गोळा आणि चिलापी

परतताना टीम लीडने बॅगेतून सरप्राइज काढलं. फोल्डिंग फिशिंग रॉड! मागच्या सेलमध्ये घेतलेला, अजून प्लास्टिकही न काढलेला. मामांनी तो कौतुकाने हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला. ‘‘धरणात परवान्यावर मासेमारी चालती. काठावर बसा, पोरं दावतील.’’

काठावर दोन पोरं साध्या दोऱ्याला गळ बांधून बसली होती. गळाला काय? कणकेचा गोळा. वीस मिनिटांत त्यांनी तीन चिलापी काढल्या. टीम लीडच्या इम्पोर्टेड रॉडला पाणवनस्पती लागली. दोनदा. पोरांपैकी धाकट्याने शेवटी दया येऊन आपली एक चिलापी ऑफर केली.

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेतली. मादी अंडी तोंडात घेऊन जपते, त्यामुळे पिल्लं भरपूर वाचतात. ऑक्सिजन कमी असला, पाणी घाण असलं तरी ही टिकते. म्हणून उजनीत आता तिचं राज्य आहे. मामा बोटं मोजत जुनी नावं सांगत होते. वाम, मरळ, शिंगटा... ‘‘पैलं जाळं वडलं की कायबाय निघायचं. आता चिलापीच चिलापी. न्हाईतर त्यो सकर.’’ सकर म्हणजे तुमच्या ड्रॉइंगरूममधल्या फिशटँकची काच चाटून साफ करणारा काळा, खरखरीत मासा. कुणीतरी टँकचा कंटाळा येऊन तो नदीत सोडतं. तो इथे पोचतो, वाढतो आणि काटेरी अंगाने जाळी फाडतो. खायलाही कुणी घेत नाही.

पुन्हा आपणच!

रोहू, कटला अजून मिळतात, त्यांचं बीज सोडलं जातं. पण बारीक आसाची जाळी लावून पिल्लंच उचलणारेही आहेत. बोटाएवढा मासा काढला, तर हाताएवढा येणार कुठून? हे मामांचं अर्थशास्त्र. आमच्या सीएने मान डोलावली. ती क्लायंट्सना एसआयपीबद्दल नेमकं हेच सांगते.

दुपारी जेवायला घरगुती खाणावळ. चिलापी फ्राय, काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. वास सुटला होता नुसता! आणि तेव्हाच सीएने सकाळपासून मनात ठेवलेला प्रश्न विचारला. ‘‘मामा, पाण्याला वास कसला होता?’’

फ्लशनंतर काय?

मामांनी भाकरी मोडत उत्तर दिलं, ‘‘सांगितलं की सकाळी. तुमचंच पाणी.’’

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पिंपरी-चिंचवडमधून वाहणारी पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा आणि मुठा संगम पुलापाशी एकत्र येतात. दोन्ही शहरांच्या अंगाखांद्यावरून निघालेलं पाणी घेऊन मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेत जाते. देहू-आळंदीची इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेला मिळालेली असते. आणि भीमा कुठे येऊन थांबते? उजनीत.

म्हणजे बाणेरच्या चौदाव्या मजल्यावर सकाळी फ्लश ओढला, की ‘गेलं’ असं आपण म्हणतो. ते कुठे जात नाही. ते इथे येतं. सांडपाण्याचा काही भाग शुद्ध होतो. जो होत नाही, तो जसाच्या तसा. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. शेवाळ मेलं, कुजलं, की पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मग मासे मरतात. पुण्याच्या नदीसुधारासाठी २०१६ साली जपानच्या मदतीने ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, ११ नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायची ठरली. पुढची काही वर्षं फाइलच वाहत राहिली. नदी आपली होती तशीच.

पावसाळ्यात आपण स्वच्छ पाणी पाठवतो, बाकीचे आठ महिने हे. ‘तुमचंच पाणी’चा हा दुसरा अर्थ.

टेबलावर जरा शांतता पसरली. चौघांनीही ताटातल्या माशाकडे पाहिलं. खाणावळीच्या मावशींच्या ते लक्षात आलं. ‘‘खावा की! आमी रोज खातो,’’ म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. खाल्ला. चव उत्तम होती. पण दुसरा तुकडा कुणीच मागितला नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. ज्यांना चॉइस नाही ते रोज खातात. ज्यांनी घाण केली ते चेहरा पाडून बसतात.

आजीची बाटली

घरी आले तर आजी जागीच होती. ‘‘कुठं उंडारून आलीस?’’

‘‘उजनीला.’’

आजीचा चेहरा फुलला. ‘‘अगं, म्हणजे माझ्या चंद्रभागेच्या वाटेवरच की!’’

आजी वारकरी. गुडघे साथ देत होते तोवर माउलींच्या पालखीबरोबर चालत गेली. उजनीतून खाली सुटणारी भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे चंद्रभागा. उन्हाळ्यात नदी आटलेली असली, की आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी पाणी सोडतात ते उजनीतूनच. सोलापूर शहर पितं तेही उजनीचंच. आमच्या देवघरात एक तांब्याची सीलबंद बाटली आहे, आजीने शेवटच्या वारीतून आणलेली. सणावारी त्यातला एक थेंब आम्हा सगळ्यांच्या तळहातावर पडतो.

तिला मी काही बोलले नाही. काय बोलणार? ‘आजी, ते आपल्याच बाथरूममधलं आहे’, असं?

पण रविवारी सोसायटीच्या मीटिंगला गेले. आयुष्यात पहिल्यांदा. अजेंड्यावर पार्किंग, पार्किंग आणि पार्किंग. शेवटी ‘एनी अदर’मध्ये हात वर केला आणि विचारलं, ‘‘आपला एसटीपी चालू असतो का?’’ सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट हो. मोठ्या सोसायट्यांना तो बांधावाच लागतो. आमचाही आहे, क्लबहाउसच्या मागे, हिरव्या पत्र्याआड.

चेअरमनकाका गोड हसले. ‘‘असतो ना! फक्त लाइट बिल फार येतं, म्हणून रात्री बंद ठेवतो. आणि दिवसा वास येतो अशी सी विंगची तक्रार होती, म्हणून...’’

म्हणून दिवसाही बंद.

मी म्हटलं, ‘‘काका, वास येतोच. फक्त आपल्याला येत नाही. शंभर किलोमीटरवर येतो.’’ कुणाला काही कळलं नाही. मग मी फ्लेमिंगोंचे फोटो दाखवले आणि सगळी ट्रिप सांगितली. सी विंगच्या काकूंना पंढरपूरचं कळलं, तेव्हा त्या गप्प झाल्या. प्लांट तीन महिने ट्रायलवर दिवसरात्र चालवायचं ठरलंय. बिलाचं काय होतं ते बघू. टीम लीडनेही त्याच्या सोसायटीत विचारलंय. सीएने तिच्या सोसायटीच्या हिशोबात एसटीपीच्या देखभालीचा खर्च शोधला. सापडला. प्लांट मात्र सापडायचाय.

मामांना फोन करून सांगितलं. ते नेहमीसारखे हसले. ‘‘बरं हाय,’’ म्हणाले. ‘‘पुढच्या थंडीला या. बघू, पाणी काय म्हणतंय.’’

जायचंय?

कधी : डिसेंबर ते मार्च बेस्ट. पोचायचं उजाडताना, दहानंतर ऊन लागतं आणि वाराही वाढतो.

कसं : पुणे-सोलापूर हायवेने भिगवण, तिथून कुंभारगाव किंवा डिकसळ. रेल्वेने आलात तर भिगवण स्टेशन.

होडीत : लाइफ जॅकेट घाला आणि काठाला लागेपर्यंत काढू नका. मुलांच्या मापाचं नसेल तर मुलांना होडीत बसवू नका. वारा सुटला आणि नावाडी ‘नको’ म्हणाला, तर पैसे जास्त देतो म्हणून गळ घालू नका.

मासेमारी : स्थानिकांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. दोरा, गळ पाण्यात सोडून येऊ नका, पक्ष्यांच्या पायांत अडकतात. फिशटँकचे मासे नदीत सोडणं तर विसराच.

पक्षी : उडवू नका. व्हिडिओ नाही आला तरी चालतं.

आणि हो, निघण्याआधी क्लबहाउसच्या मागे एक चक्कर मारा. हिरव्या पत्र्याआड मोटरचा आवाज येतोय ना, तेवढं ऐकून या.